ओटिली क्रेब्सची अकरा टोपडी

ओटिली क्रेब्स रागीट होती हे बेलोज लँडिंगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या दुकानात शिरताना माणसं आधी दारातून तिचं तोंड बघायची आणि मगच पाऊल आत टाकायची. पण ही बाई नेमकी कशावर चिडते, हे विचारायचे कष्ट त्या गावाने कधी घेतले नाहीत. स्वतःचं दुखणं लपवणाऱ्या आणि दुसऱ्याचं हुडकून काढणाऱ्या माणसांवर तिचा राग होता, आणि ओहायो नदीकाठच्या त्या गावात अशा माणसांचा तोटा नव्हता.

तिचं दुकान घोड्यांच्या साजाचं. लगाम, पट्टे, तंग, आणि गाडी ओढणाऱ्या घोड्याच्या गळ्यात बसते ती पेंढा भरलेली जाड गादी. नवरा ऑगस्ट छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि आता ही बाई दुकान विकणार असं सगळे धरून चालले होते. तिने विकलं नाही. कातड्याला भोक पाडायची आरी आणि ते कापायची रापी हिच्याच हातात जास्त शोभतात, हे ऑगस्टसुद्धा हयातीत कबूल करायचा. वर्षभरात चार गावांचे गाडीवाले तिच्याकडे यायला लागले ते तिच्या एका युक्तीसाठी. घोड्याचा खांदा सोलवटला की नवशिका कारागीर त्या जागेवर आणखी गादी भरतो. ओटिली नेमक्या त्या जागेचा पेंढा काढून तिथे खळगा करायची, म्हणजे भार आजूबाजूच्या धडधाकट अंगावर पडतो आणि दुखरी जागा मोकळी राहून भरून येते. घोड्याच्या बाबतीत हे गाडीवाल्यांना एका दमात पटायचं. माणसाच्या बाबतीत त्यांचीच अक्कल चरायला जायची.

तिचा धाकटा भाऊ लोरेन्झ तिच्याजवळच राहायचा. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कारखान्यात चिकटवण्यापर्यंत सगळं ओटिलीने केलं. १९०३ साली तो तेवीस वर्षांचा, लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला, आणि शनिवारी गावाच्या फुटबॉल संघात. त्या फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं आणि अंगाचं फार. एकाने चेंडू पोटाशी धरायचा, बाकीच्यांनी त्याच्याभोवती पाचर करून समोरच्या गड्यांच्या भिंतीत घुसायचं. त्या पाचरीच्या टोकाला लोरेन्झ असायचा.

डोक्याला संरक्षण म्हणून काय, तर केस. जून लागला की हे गडी न्हाव्याकडे जायचे बंद व्हायचे आणि सप्टेंबरपर्यंत एकेकाच्या डोक्यावर गवताची गंजी उभी राहायची. अंगात जाड कापडाचं जाकीट, नडगीला फार तर बांबूच्या पट्ट्या. याहून जास्त काही बांधायचं नाही असा दंडकच होता. ज्याचं नाक फुटलं त्यानेच नाकावर रबरी टोपण लावायचं, ज्याचा गुडघा निखळला त्यानेच गुडघ्याला गादी बांधायची, आणि तीसुद्धा डॉक्टरने बजावलं तरच. धडधाकट माणसाने काही बांधलं तर तो बायकी ठरायचा. म्हणजे मैदानात ज्याच्या अंगावर गादी दिसेल तो आपलं दुखणं पाटीवर लिहूनच उतरायचा, आणि समोरच्यांना वाचता येत होतं. खेळ सुरू होण्याआधी दोन्हीकडचे गडी एकमेकांना न्याहाळायचे ते कोणाला कुठे हाणायचं हे ठरवायला. याला ते मर्दानगी म्हणायचे. तबेल्यातल्या घोड्यांना लाज वाटली असती.

सप्टेंबरात एका सामन्यात लोरेन्झच्या डोक्यावर कोणाचा तरी गुडघा बसला. तो उठला, शेवटपर्यंत खेळला, घरी येऊन जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने कॉफीत मीठ घातलं आणि कप संपवला. सोमवारी कारखान्याला जायला निघाला तो नदीच्या दिशेने चालत सुटला. शेजाऱ्याने हाताला धरून परत आणला. डॉक्टरने डोळ्यात बघून महिनाभर खेळ बंद सांगितला. संघाचा कप्तान थॅड बर्जिन, भाड्याच्या घोडागाड्यांच्या तबेल्याचा मालक, दारात येऊन म्हणाला की हाड तर मोडलेलं नाही. तेवढं ऐकून लोरेन्झने डॉक्टरला मोडीत काढलं. ओटिलीने आरडाओरडा केला, बूट लपवले, दोन दिवस स्वयंपाक केला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

"तुझं डोकं फुटलं तर मी कोणाकडे बघून जगू?" तिने एकदाच विचारलं.

"टिली, फुटणार असतं तर फुटलं नसतं का एव्हाना?" तो म्हणाला आणि हसला.

मग तिने तिला येत होतं ते केलं. तो जेवत असताना मागून दोरी घेऊन त्याच्या डोक्याचं माप घेतलं. "मान सरळ ठेव," ती खेकसली. मऊ कातड्याच्या पट्ट्या एकमेकींवरून आडव्या नेल्या, कानांवर पाळ्या सोडल्या, आत घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो लोकरीचा जाड नमदा लावला, आणि जिथे टेंगूळ होतं तिथे नमदा कापून खळगा ठेवला. हनुवटीखाली बक्कल. लोरेन्झने ते बघून डोळे फिरवले, पण दोन दिवसांचं उपाशीपण आठवत असावं. घालीन म्हणाला.

ऑक्टोबरात पलीकडच्या काठावरच्या पेनरी गावाशी सामना होता. पेनरीत सगळे वेल्श, खाणीतले, खांद्याने रुंद. लोरेन्झ ते चामडं डोक्याला बांधून उतरला तसा पलीकडून कोणीतरी ओरडलं, "टोपडं आलं रे, टोपडं! आईला पण आणलंय का?" आपल्याच गावची माणसं त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसली. आणि मग खेळ सुरू झाल्यावर पेनरीचे अकराच्या अकरा त्या टोपड्यावर तुटून पडले. चेंडू कुठे आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एम्रिस प्यू नावाचा सोनेरी केसांचा एक धिप्पाड गडी तर दर खेपेला कोपर उगारूनच यायचा. चामडं टिकलं. आतलं डोकं कसं टिकणार?

संध्याकाळी लोरेन्झ स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई कुठे गेली? भूक लागली." आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

ओटिलीने त्याच्यापुढे बटाटे आणि डुकराचं मटण ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या बादलीला लाथ घातली. राग स्वतःवर होता. ज्या गावात गादी म्हणजे दुखण्याची पाटी, तिथे तिने भावाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने पाटी ठोकली होती. एकट्याला बांधून उपयोग नव्हता. बांधायचं तर अकराही जणांना बांधायला हवं होतं, म्हणजे कोणाचं डोकं दुखतंय हे समोरच्याला कळणार नाही.

तिने थॅड बर्जिनला सांगून बघितलं. तो भर तबेल्यात पोट धरून हसला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. ओटिलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आली आणि दुकानाच्या दाराला आतून आडणा लावला.

पाऊसचिखलाचे दिवस होते. अशात पट्टे सुजतात, शिवण उसवते, रोज कोणाचा तरी तंग तुटतो. पहिल्या आठवड्यात लोकांनी गंमत केली. दुसऱ्या आठवड्यात पावाची गाडी दोरखंड बांधून फिरायला लागली. मग बर्जिनच्या तबेल्यातले चार घोडे खांद्याने सोलवटले आणि त्याच्या दोन गाड्या एका प्रेतयात्रेला पोचल्या नाहीत. जवळचा दुसरा कारागीर बावीस मैलांवर. तेव्हा थॅड टोपी हातात घेऊन मागच्या दाराने आला.

"क्रेब्सबाई, काय लावलंय हे? जनावरांचे हाल होतायत."

"जनावरांचे हाल दिसतात ना तुला? बरं झालं. मला वाटलं होतं, आंधळा झालास."

"माझे गडी हसं करून घेतील का स्वतःचं?"

"अकराही जणांनी घातल्यावर हसायला उरतो कोण?" ती म्हणाली. "मापं घ्यायला उद्या पाठव सगळ्यांना. आणि डोकी धुऊन पाठव, त्या गंजीत उवा असतील."

थॅडने भिंतीवरची घोड्याची एक गळगादी दाबून बघितली. मग म्हणाला की करायचंच तर पक्कं करा, मऊ चिंध्या नकोत. बुटाच्या तळव्याचं कातडं वापरा. ओटिलीला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट इतक्या दिवसांनी कोणीतरी कामाची गोष्ट बोललं असं तिला वाटलं. तिने तळव्याचं कातडं घेतलं, गरम मेणात बुडवून कडक केलं, इतकं की रापीच्या मुठीने ठोकलं तर दारावर थाप पडल्यासारखं वाजावं. अकरा डोकी, अकरा मापं, प्रत्येकाला आतून नमदा, प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेला खळगा. खळगे करताना तिला कळलं की अकरांपैकी सात जणांची डोकी दुखत होती. सातांनीही कोणाला सांगितलं नव्हतं. आपण इतकं चोख काम आयुष्यात केलं नाही असं तिला वाटलं, आणि ते खरं होतं. तिथेच ती चुकली.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला पुन्हा पेनरीशी सामना. सगळं गाव होतं, टर्की भट्टीत ठेवून आलेलं. ओटिली पावाच्या गाडीवर उभी राहिली. अकरा जण एकसारखे चामडी डोकी घेऊन उतरले तेव्हा पेनरीवाले पाच मिनिटं हसले आणि मग गप्प झाले, कारण हाणायचं कुठे हेच कळेना. लोरेन्झ आपटला, उठला, पुन्हा आपटला. प्रत्येक वेळी उठून त्याने स्वतःची जागा बरोबर हुडकली. ती, जिला कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, गाडीवाल्याच्या खांद्यावर थाप मारून हसली.

मध्यंतरानंतर थॅडने सगळ्यांना गोळा करून काहीतरी सांगितलं आणि आपल्या कपाळावर बोटाच्या पेराने टकटक केली. पुढच्या डावाला लोरेन्झने खांदा पुढे काढला नाही. मान खाली घातली, डोकं पुढे काढलं आणि मेंढ्यासारखा धावला. समोर एम्रिस प्यू उघड्या डोक्याने उभा होता. जो आवाज झाला तो ओटिलीने दुकानात अकरा वेळा स्वतःच ठोकून ऐकला होता. तो कसला आहे हे तेवढ्या गर्दीत तिला एकटीला कळलं. बाकीचे टोप्या उडवत होते.

प्यूला चौघांनी उचलून नेलं. बेलोज लँडिंग जिंकलं.

लोरेन्झ घरी आला तो गात. ते चामडं त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि टर्कीची तंगडी ओढून घेतली. "टिली, एक ओरखडा नाही बघ. आजच्यासारखं हलकं डोकं कधी नव्हतं. थॅड म्हणतो पुढच्या वर्षी पाचरीचं काम नाही, नुसती डोकी घालायची."

ओटिलीने चामडं उचललं. कपाळावरच्या शिवणीत सोनेरी केसांचा एक झुबका अडकला होता, मुळांसकट. लोरेन्झचे केस काळे होते.

"हे कोणाचे?"

"त्या प्यूचे असतील." तो चावत होता. "ऑक्टोबरात त्यानेच मला कोपराने मारलं होतं. फिटलं."

"मी हे तुला दुसऱ्याला मारायला शिवून दिलं होतं?"

"अगं, डोकं शाबूत राहावं म्हणून दिलंस. राहिलं की. आता का चिडतेस?"

खरोखरच तिने एवढंच मागितलं होतं, आणि तेवढंच तिला मिळालं होतं. तिने त्याच्यापुढचं ताट उचललं, तंगडीसकट, आणि अंगणात नेऊन शेजाऱ्याच्या कुत्र्यापुढे ठेवलं. भावावर ती आजवर शंभरदा ओरडली होती. त्या ओरडण्यापेक्षा लोरेन्झला हे ताट जास्त लागलं असं त्याने पुढे सांगितलं. खोटं नसावं.

सोमवारी ती नावेने पेनरीला गेली. प्यूची बायको ग्वेनलियन दारात आली. मागे खाटेवर एम्रिस, अर्धं तोंड फडक्याने बांधलेलं. डोळ्याखालचं हाड फुटलं होतं आणि डाव्या डोळ्याने दिसायचं गेलं होतं.

"तुम्ही कोण?"

"ते चामडं मीच शिवलं," ओटिली म्हणाली. दार तोंडावर आपटलं जाईल या तयारीनेच ती गेली होती. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ग्वेनलियन दाराला टेकून उभी राहिली. "तुमच्या भावाचं बघून आला तेव्हाच हा म्हणत होता, नदीपलीकडच्या बाईकडून मलाही एक करून आणू या. उन्हाळ्यापासून डोकं दुखायचं त्याचं. मीच म्हटलं, नको. लोकांना कळेल ना." मग ती म्हणाली, "तुम्ही दोन महिने आधी आला असतात तर."

परतताना नावेत ओटिली इतकी संतापली होती की नावाड्याने पलीकडे तोंड केलं. राग बर्जिनवर, लोरेन्झवर, या दोन्ही काठांवरच्या मुक्या दुखण्यांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या चोख कामावर. घोड्याच्या गादीला एकच मऊ बाजू असली तरी चालते, कारण घोडा कोणाला धडक द्यायला जात नाही. माणूस हे जनावर वेगळं होतं.

दुकानात येऊन तिने ठेवणीतलं नमद्याचं ठाण काढलं. संघाची चामडी हिवाळ्यात तेल लावायला तिच्याकडेच आली होती. तिने अकराही चामड्यांवर बाहेरून बोटभर जाड नमदा शिवला. मऊ, फुगीर, करडा. आता ती खरंच टोपड्यांसारखी दिसायला लागली.

पुढच्या ऑगस्टला थॅड बर्जिन ती बघून लाल झाला. "यांनी कोणाला काय लागणार?"

"कोणाला काही लागू नये म्हणूनच शिवलीत."

"क्रेब्सबाई, तुम्ही परत दुकान बंद केलंत तरी मी ऐकणार नाही. शहरातून मागवीन."

त्याने खरंच मागवली. तिच्याच नमुन्यावर बेतलेली, काळी, घट्ट, तिच्यापेक्षा कडक. तिची अकरा टोपडी दुकानात खिळ्यांना लटकत राहिली आणि येणारा जाणारा त्यांना टिचकी मारून जाऊ लागला. लोरेन्झला तिने सांगून टाकलं की शहरातलं डोक्यावर चढवलंस तर या घरात जेवायला येऊ नकोस. तो खांदे उडवून गेला आणि आठ दिवस कारखान्याच्या खाणावळीत जेवला. ओटिलीने आठ दिवस दोघांचा स्वयंपाक केला आणि टाकला.

मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या सकाळी तो दुकानात आला. हातात शहरातलं काळं चामडं. ते त्याने तिच्या कामाच्या टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला.

"काल नावेत प्यू होता," तो म्हणाला. "मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो. हातभर अंतरावर. पूर्ण नदी ओलांडली, त्याला कळलंच नाही कोण बसलंय. मी पण बोललो नाही."

ओटिली आरीला मेण लावत राहिली.

"यालापण बाहेरून नमदा लाव," लोरेन्झ म्हणाला.

"बाकीचे हसतील."

"हसतील."

"थॅड काढून टाकेल."

"टाकू दे."

तिचा राग गेला नव्हता. ती मरेपर्यंत तो जाणार नव्हता आणि जायची गरजही नव्हती. खिळ्यावरच्या जुन्या टोपड्याकडे बोट दाखवून तिने ते काढून आणायला सांगितलं, शहरातलं काळं चामडं टेबलाखाली भिरकावलं, आणि त्याला खुर्चीवर बसवून हनुवटीखालचं बक्कल आवळलं. जरा जास्तच आवळलं. मग एक भोक सैल केलं.

"मान सरळ ठेव," ती म्हणाली आणि खिळ्यांकडे बघितलं. "एक गेलं. दहा राहिली."